व्हेगस नर्व्ह शाखांसकट कशी मोकळी करावी

व्हेगस म्हणजे मेंदूपासून मान आणि छातीतून पोटापर्यंत उतरणारी लांब नर्व्ह (मज्जातंतू). तिचं मुख्य खोड सापडायला वेळ लागत नाही. मानेत ते चांगलं जाड असतं आणि त्याची जागा ठरलेली असते. कस लागतो तो शाखांमध्ये. डिसेक्शन संपतं तेव्हा अनेक टेबलांवर एक स्वच्छ, पांढरी, घासूनपुसून काढलेली दोरी दिसते, पण तिला एकही शाखा उरलेली नसते. नर्व्ह साफ करण्याच्या भरात ज्या बारीक फांद्यांसाठी हे सगळं करायचं, त्याच कापल्या जातात. म्हणून पुढची पद्धत एका नियमावर उभी आहे: आधी शाखा ओळखायची, मगच त्या बाजूची फॅशिया, म्हणजे भोवतालचं पातळ आवरण, काढायची.

दुसरी गोष्ट क्रमाची. पुस्तकात ही नर्व्ह मेंदूपासून सुरू होऊन खाली उतरते. टेबलावर तसं करू नका. सुरुवात मानेच्या मध्यावर करा, कारण तिथे ओळख पक्की होते. तिथून खाली छातीत आणि पोटात जा, कवटीचा तळ सगळ्यात शेवटी ठेवा. तळाकडे पोचायला हाड फोडावं लागतं, डोकं मणक्यांपासून सोडवावं लागतं, आणि एकदा ते केलं की मानेतले संबंध पुन्हा जुळवता येत नाहीत.

तयारी

हे काम रीतसर देहदानातून आलेल्या देहावर, शरीररचना विभागातच आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचं. परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत. सुटे झालेले ऊतींचे तुकडेही त्याच देहाच्या डब्यात ठेवायचे, म्हणजे अंत्यविधीला सगळं एकत्र जातं.

देह कसा जतन केला आहे हे आधी विचारून घ्या, कारण हाताची पद्धत त्यावर ठरते. १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये, नर्व्ह घट्ट आणि ओळखायला सोपी होते, पण भोवतालची फॅशियाही कडक होऊन तिला चिकटते. थील पद्धतीच्या मऊ देहात थर सहज सुटतात. मात्र तिथे नर्व्ह ताणली जाते, चपटी होते आणि रंगावरून फॅशियापासून वेगळी काढणं कठीण जातं. अशा देहात ओढाओढ आणखी कमी करावी लागते.

हत्यारं थोडीच लागतात. त्वचेसाठी ४ नंबरच्या हँडलवर २२ नंबरचं ब्लेड आणि बारीक कामासाठी ३ नंबरवर १५ नंबरचं. याशिवाय दातेरी चिमटा एक, बिनदातेरी बारीक चिमटे दोन, बोथट टोकाची वाकडी बारीक कात्री, बोथट प्रोब, बरगड्या कापायची कात्री, करवत, छिन्नी आणि हाड कुरतडायचा निबलर. २.५ पट मोठं दाखवणारा लूप मिळाला तर जरूर वापरा, हृदयाकडे जाणाऱ्या शाखांना तो फार उपयोगी पडतो. दोन-तीन रंगांचा सुती दोराही घ्या. हातमोजे नायट्राइलचे हवेत, फॉर्माल्डिहाइडपुढे लेटेक्स कमी टिकतो.

मोकळी झालेली नर्व्ह उघडी राहिली की सुकते, तपकिरी पडते आणि वाकवली तर तुटते. त्यामुळे जिथे काम चालू नाही तो भाग सतत ओल्या फडक्याखाली ठेवा. विभागात ग्लिसरीन आणि थोडं फिनॉल घातलेलं ओलाव्याचं द्रावण असतं, तेच वापरा. नुसतं पाणी तासाभरापुरतं ठीक आहे, पण देह तसाच रात्रभर ठेवला तर बुरशी धरते.

हाताची पद्धत

कात्रीची मिटलेली टोकं नर्व्हला समांतर आत घाला आणि उघडा. कापण्यापेक्षा उघडण्यानंच जास्त काम होतं. आडवी उघडलेली कात्री शाखा तोडते. नर्व्ह कधीही चिमट्यात धरू नका. तिच्याभोवतीची फॅशिया धरा, नाहीतर खालून सैल दोरा घालून तिला हलकं उचला. दोऱ्याला गाठ मारायची ती नर्व्हपासून दूर.

मानेत व्हेगसच्या बहुतेक शाखा आतल्या, म्हणजे घसा आणि स्वरयंत्राच्या बाजूला निघतात. त्यामुळे बाहेरची आणि मागची कड आधी मोकळी करा. आतली कड शेवटी, तीही शाखांचा दुसऱ्या टोकाकडून माग लागल्यावर. हा एक नियम पाळला तरी अर्ध्याअधिक शाखा वाचतात.

समोर आलेला तंतू नर्व्हच आहे का, हे असं तपासा. नर्व्ह भरीव असते आणि बोटाखाली फिरवली तरी गोल राहते. लूपमधून तिच्यावर उभ्या बारीक रेघा दिसतात. फॅशियाचा पट्टा हलकेच ताणला की पसरून त्याचे धागे होतात. रिकामी शीर चपटी पडते, किंवा आत काळपट गुठळी असते. बारीक धमनीला पोकळी असते, पण ती कापल्यावरच कळते, म्हणून शंका असेल तोवर कापू नका.

मान

देह उताणा ठेवा, खांद्यांखाली ठोकळा द्या आणि डोकं विरुद्ध बाजूला वळवा. हनुवटीपासून उरोस्थीच्या वरच्या खाचेपर्यंत मधोमध छेद घ्या. तिथून एक छेद कॉलरबोनच्या कडेनं खांद्याकडे आणि दुसरा जबड्याच्या खालच्या कडेनं कानामागच्या मॅस्टॉइडपर्यंत. त्वचा बाहेरच्या बाजूला उलटा आणि प्लॅटिस्मा वर जबड्याकडे. स्टर्नोमॅस्टॉइड उरोस्थी आणि कॉलरबोनपासून सोडवून वर उलटा. उलटताना त्याच्या आतल्या पृष्ठभागावर लक्ष ठेवा, कारण वरच्या भागात ॲक्सेसरी नर्व्ह तिथेच शिरते आणि पहिल्या झटक्यात तीच तुटते. ओमोहायॉइड मधल्या कंडरेवर कापून दोन्हीकडे बाजूला करा.

आता कॅरोटिड शीथ, म्हणजे मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि व्हेगस यांना गुंडाळणारी फॅशियाची नळी, समोर आहे. तिच्या पुढच्या भिंतीवर किंवा भिंतीतच एक बारीक नर्व्ह खाली उतरताना दिसेल. ही आन्सा सर्व्हायकॅलिसची, म्हणजे मानेच्या पुढच्या स्नायूंना जाणाऱ्या नर्व्हच्या फासाची, वरची मुळी. पहिल्यांदाच डिसेक्शन करणारे इथेच फसतात आणि हिलाच व्हेगस म्हणून चिठ्ठी लावतात. तिचा वर माग काढा: ती हायपोग्लॉसल नर्व्हला जाऊन मिळते. तिला दोरा घालून बाजूला ठेवा.

थायरॉइड कूर्चेच्या पातळीवर शीथमध्ये ३ ते ४ सेंटिमीटरचा उभा छेद घ्या. कॉमन कॅरोटिड आतल्या बाजूला आणि इंटर्नल जुग्युलर शीर बाहेरच्या बाजूला सारा. दोघींच्या मधल्या फटीत, मागच्या बाजूला, व्हेगस दिसते. शीर गुठळ्यांनी फुगलेली असेल तर काहीच दिसत नाही. अशा वेळी तिला छोटी चीर देऊन गुठळ्या काढा. तेवढ्यानं भागलं नाही तर वर आणि खाली दोऱ्यानं बांधून मधला तुकडा काढा, पण एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूची शीथ तिन्ही घटकांसह शाबूत ठेवा, नाहीतर तिघांचं एकमेकांशी असलेलं नातं दाखवायला काही उरणार नाही.

आणखी दोन नर्व्हच्या बाबतीत घोटाळा होतो. सिम्पथेटिक साखळी शीथच्या मागे आणि जराशी आत, प्रीव्हर्टिब्रल फॅशियाला चिकटून असते. शीथ उचलली तरी ती जागेवरच राहते, आणि वर दुसऱ्या-तिसऱ्या मानेच्या मणक्यापाशी तिचा लांबट सुपीरियर गँग्लियन (नर्व्हपेशींची गाठ) लागतो. फ्रेनिक नर्व्ह ॲन्टिरियर स्केलीन स्नायूवर, त्याच फॅशियाखाली, बाहेरून आत तिरपी उतरते. व्हेगस शीथबरोबर हलते, या दोघी हलत नाहीत. ओळख पटवायला ही चाचणी पुरेशी आहे.

स्वरयंत्राच्या शाखा उलट दिशेनं शोधा. हायॉइडचं मोठं शिंग आणि थायरॉइड कूर्चा यांच्यामध्ये थायरोहायॉइड स्नायूची मागची कड उचला. तिथल्या पडद्यातून सुपीरियर लॅरिंजियल धमनीसोबत आत जाणारी नर्व्ह म्हणजे इंटर्नल लॅरिंजियल. तिच्यामागून वर गेलात की सुपीरियर लॅरिंजियलचा दुभाग मिळतो, आणि त्याच्याही वर गेल्यावर ती इंटर्नल आणि एक्स्टर्नल या दोन्ही कॅरोटिडच्या आतल्या बाजूनं व्हेगसच्या इन्फीरियर गँग्लियनकडे जाताना दिसते. दुभागातून निघणारी एक्स्टर्नल लॅरिंजियल फार बारीक असते. ती सुपीरियर थायरॉइड धमनीच्या संगतीनं, इन्फीरियर कॉन्स्ट्रिक्टरवरून क्रिकोथायरॉइड स्नायूकडे उतरते. मध्येच ती दिसेनाशी झाली तर तुटली असं समजू नका, कधीकधी ती कॉन्स्ट्रिक्टरच्या तंतूंमधून जाते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत हीच धमनी ग्रंथीपासून दूर बांधली गेली तर ही नर्व्ह धोक्यात येते आणि आवाजाची वरची पट्टी जाते. तेव्हा धमनी आणि नर्व्ह एकमेकींपासून सोडवू नका, दोघींमधलं अंतर तसंच दिसू द्या.

हृदयाच्या शाखा दोन-तीन असतात, केसासारख्या बारीक, काही वरून आणि काही मानेच्या मुळाशी निघणाऱ्या. दिसतील तिथे दोरा घालून सोडून द्या. छाती उघडल्याशिवाय त्यांचा पाठलाग करण्यात अर्थ नाही.

मानेचं मूळ आणि छाती

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते करवतीनं होतं. कॉलरबोन आणि पहिली बरगडी कापण्याआधी व्हेगस मानेच्या मुळापर्यंत मोकळी केलेली असली पाहिजे. कॉलरबोन मधोमध कापा, पण आधी तिच्या खालचा सबक्लेव्हियस स्नायू सोडवून सबक्लेव्हियन शीर बोटानं मागे दाबून धरा. बरगड्या मिडॲक्सिलरी रेषेवर कापा, पहिली बरगडी तेवढी पुढे, कूर्चेच्या सांध्याजवळ. मग उरोस्थीसकट सगळी भिंत एका तुकड्यात वर उचला. उचलताना आतून प्ल्युरा आणि इंटर्नल थोरॅसिक वाहिन्या सोडवत जा. थायमसच्या जागची चरबी काढली की मोठ्या शिरा दिसतात. लेफ्ट ब्रेकिओसेफॅलिक शीर मध्यावर कापून दोन्ही बाजूंना उलटा.

उजवीकडे व्हेगस सबक्लेव्हियन धमनीच्या पहिल्या भागाच्या पुढून उतरते. तिथेच रिकरंट लॅरिंजियल, म्हणजे स्वरयंत्राकडे उलटी वर जाणारी शाखा, निघते, धमनीखालून वळसा घेते आणि मागून वर जाते. बोटानं धमनी किंचित उचला, वळसा स्पष्ट होतो. वळसा सापडलाच नाही तर नर्व्ह तुटली असं लगेच गृहीत धरू नका. साधारण ०.५ ते १ टक्का लोकांत उजवी नर्व्ह वळसा घेतच नाही, मानेतल्या व्हेगसमधून थेट आडवी स्वरयंत्राकडे जाते. अशा देहात उजवी सबक्लेव्हियन महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे येते. भ्रूणावस्थेत उजवी चौथी कमान नाहीशी झाली की नर्व्हला खाली खेचायला काही उरत नाही, म्हणून हे दोन्ही फरक एकत्र दिसतात. अशी रचना सापडली तर काम थांबवून शिक्षकांना दाखवा आणि नोंद करा, कारण ती दर टेबलावर दिसणारी गोष्ट नाही.

डावीकडे व्हेगस कॉमन कॅरोटिड आणि सबक्लेव्हियन यांच्या मधून उतरून महाधमनीच्या कमानीच्या डाव्या अंगावर येते. इथे फ्रेनिक तिच्या पुढे असते. लेफ्ट सुपीरियर इंटरकॉस्टल शीर या दोघींमधून तिरपी जाते: व्हेगसच्या बाहेरच्या अंगानं, फ्रेनिकच्या आतल्या अंगानं. डावी रिकरंट कमानीखाली, लिगामेंटम आर्टेरिओझमच्या मागून वळते. या कोनाड्यातल्या लसिका गाठी काजळीनं काळ्या झालेल्या आणि नर्व्हला घट्ट चिकटलेल्या असतात. गाठ अखंड ओढून काढायचा मोह आवरा, गाठीबरोबर वळसाच हातात येतो. चिमट्यानं तिचे बारीक तुकडे करत, नर्व्हच्या विरुद्ध बाजूनं पोखरत या.

फुप्फुस काढण्याआधी ते पुढे उलटवा आणि हायलमच्या, म्हणजे फुप्फुसाच्या देठाच्या, मागची प्ल्युरा (फुप्फुसाचं आवरण) उभी चिरा. व्हेगस हायलमच्या मागून जाते, फ्रेनिक पुढून. फुप्फुसाकडे जाणाऱ्या दोन-तीन शाखांना दोरे घाला, आणि मगच हायलम शक्य तितका फुप्फुसाजवळ कापा. उजवीकडे ॲझायगस शिरेची कमान व्हेगसच्या बाहेरून जाते. तिला दोन ठिकाणी बांधून मध्ये कापली की मागचं सगळं उघडं होतं.

आता पुन्हा वर, रिकरंटच्या मागे. थायरॉइडचा लोब पुढे आणि आत वळवा. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेत नर्व्ह चढताना दिसते. डावी खाचेला धरून असते, उजवी खालच्या भागात जास्त तिरपी. इन्फीरियर थायरॉइड धमनीशी तिचं नातं दर देहात वेगळं असू शकतं: मागून, पुढून किंवा धमनीच्या शाखांमधून. दोन्ही बाजू लिहून ठेवा, एकाच देहातही त्या वेगळ्या निघतात. श्वासनलिका आणि अन्ननलिकेकडे जाणाऱ्या शाखा आत निघतात, म्हणून इथेही बाहेरची कड आधी. थायरॉइडला श्वासनलिकेशी बांधणाऱ्या बेरीच्या लिगामेंटपाशी नर्व्ह अगदी घट्ट धरलेली असते आणि अनेकदा आत शिरण्याआधीच तिचे दोन भाग झालेले असतात. पुढचा भाग जपा, स्वरयंत्राच्या स्नायूंकडे जाणारे तंतू प्रामुख्यानं त्यात असतात. शेवटी ती इन्फीरियर कॉन्स्ट्रिक्टरच्या खालच्या कडेखालून, क्रिकोथायरॉइड सांध्याच्या मागे आत जाते. दुसऱ्या शतकात प्राचीन वैद्य गेलननं जिवंत डुकराची हीच नर्व्ह बांधून त्याचं ओरडणं बंद करून दाखवलं होतं.

हायलमच्या खाली दोन्ही व्हेगस फुटून अन्ननलिकेभोवती जाळं करतात. या जाळ्याला सरळ करायला जाऊ नका. अन्ननलिकेवरची विरळ फॅशिया लूपखाली थोडी थोडी काढा आणि आडवे जोडतंतू तसेच राहू द्या. डायफ्रॅमच्या जरा वर जाळ्यातून पुन्हा दोन खोडं बनतात. पुढचं मुख्यतः डाव्या व्हेगसचं, मागचं उजव्याचं, कारण भ्रूणाचं जठर फिरताना त्याची डावी बाजू पुढे येते. पुढचं खोड अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटलेलं आणि कधी दोन-तीन पदरांचं असतं. मागचं बहुधा जाड असतं आणि अन्ननलिकेपासून सुटून मागच्या सैल ऊतीत राहतं. अन्ननलिका ओढून बाजूला केली की ते मागेच राहतं आणि सापडत नाही. आधी अन्ननलिका आणि महाधमनी यांच्यामध्ये बोट घालून दोरीसारखा ताण जाणवतो का ते पाहा.

पोट

यकृताचा डावा ट्रँग्युलर लिगामेंट कापून डावा लोब उजवीकडे उलटा आणि जठर खाली ओढून लेसर ओमेंटम, म्हणजे यकृत आणि जठर यांच्यामधला पातळ पडदा, ताणा. त्याच्या वरच्या, जवळजवळ पारदर्शक भागामागे दिवा धरला की पुढच्या खोडातून यकृताकडे जाणारी शाखा दिसते. लेसर कर्व्हेचरला (जठराच्या आखूड कडेला) समांतर उतरणारी लटार्जेची नर्व्ह पुढच्या पानात शोधा. जठराच्या कोनाजवळ तिच्या शेवटच्या फांद्या पक्ष्याच्या पावलासारख्या पसरतात. हायली सिलेक्टिव्ह व्हॅगॉटॉमीत, म्हणजे व्रणासाठी जठराचं आम्ल कमी करायच्या शस्त्रक्रियेत, वरच्या फांद्या कापतात आणि हे पाऊल राखतात, म्हणजे जठर रिकामं होण्याची क्रिया टिकते. म्हणून त्याच्यापासून पायलोरसपर्यंतचं अंतर मोजून ठेवा.

मागच्या खोडासाठी गॅस्ट्रोएपिप्लोइक वाहिन्यांच्या खालून गॅस्ट्रोकोलिक लिगामेंट उघडा आणि जठर वर उलटा. सीलियाक शाखा लेफ्ट गॅस्ट्रिक धमनीच्या संगतीनं सीलियाक गँग्लियनकडे जाते, तिथवर माग काढा. त्याच खोडातून अन्ननलिकेच्या मागून डावीकडे फंडसला जाणारी ग्रासीची शाखाही शोधा. शस्त्रक्रियेत ती सुटली तर व्रण पुन्हा होऊ शकतो. सीलियाक प्लेक्ससच्या पुढे व्हेगसचे तंतू सिम्पथेटिकमध्ये मिसळतात. तिथे कात्रीनं कोणता तंतू कुणाचा हे सांगता येत नाही, तेव्हा इथे थांबा.

कवटीचा तळ

याची तयारी मेंदू काढतानाच करावी लागते. मेडुलाच्या बाजूला, ऑलिव्हच्या मागच्या खाचेत, व्हेगसची ८ ते १० मुळं ओळीनं निघतात. वर ग्लॉसोफॅरिंजियल, खाली ॲक्सेसरी. मेंदू ओढून काढला की ती मुळापासून उपटतात. नव्या ब्लेडनं, मुळं आणि जुग्युलर फोरामेन (नर्व्ह कवटीबाहेर पडतात ते तळातलं भोक) यांच्या मध्यावर कापा, म्हणजे दोन्हीकडे बुंधा राहतो. ड्यूरामध्ये, म्हणजे मेंदूच्या जाड आवरणात, नीट पाहा: ग्लॉसोफॅरिंजियलचं भोक पुढे आणि स्वतंत्र असतं, व्हेगस आणि ॲक्सेसरी मागच्या एकाच भोकातून जातात.

बाहेरून पोचायला घशामागच्या जागेत बोटं घाला आणि घसा व दोन्ही कॅरोटिड शीथ प्रीव्हर्टिब्रल स्नायूंपासून सुटे करा. सिम्पथेटिक साखळी एका बाजूला शीथबरोबर घ्या, दुसऱ्या बाजूला मणक्यांवर राहू द्या. मग ॲटलास आणि ऑक्सिपटचा सांधा सोडवून डोकं घशासह पुढे पाडा. मागून पाहिलं की फोरामेनखालचा इन्फीरियर गँग्लियन दिसतो, सुमारे २.५ सेंटिमीटर लांब, मधे फुगलेला. हायपोग्लॉसल त्याला मागून बाहेर वळसा घालते आणि फॅशियानं जोडलेली असते. तिला सोडवू नका, गँग्लियनचं आवरण फाटतं. याच ठिकाणाहून घशाची शाखा दोन कॅरोटिडच्या मधून मिडल कॉन्स्ट्रिक्टरच्या वरच्या कडेला जाताना दिसते. समोरून ती फारच खोल असते, म्हणून ती इथवर राखून ठेवायची.

सुपीरियर गँग्लियन फोरामेनच्या आत आहे, जेमतेम ४ मिलिमीटरचा. ऑक्सिपिटल हाडाचा जुग्युलर प्रोसेस निबलरनं मागून थोडा थोडा कुरतडा, सिग्मॉइड सायनस उघडा आणि जुग्युलर बल्ब बाहेर सारा. नर्व्ह बल्बच्या पुढे आणि आत असतात. छिन्नीचा एक जोराचा ठोका तिन्ही नर्व्ह एकदम तोडतो, म्हणून फोरामेनजवळ छिन्नी वापरू नका.

कानाची शाखा, म्हणजे अर्नोल्डची नर्व्ह, जुग्युलर फॉसाच्या बाहेरच्या भिंतीतून टेम्पोरल हाडात शिरते, स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनच्या सुमारे ४ मिलिमीटर वर फेशियल कालवा ओलांडते आणि टिम्पॅनोमॅस्टॉइड फटीतून बाहेर येते. टेम्पोरल बोनचं ड्रिल आणि सूक्ष्मदर्शक नसेल तर देहात तिचा नाद सोडा. त्याऐवजी कोरड्या कवटीत जुग्युलर फॉसाच्या भिंतीतलं टाचणीच्या टोकाएवढं भोक शोधा आणि त्यात ब्रशचा केस घालून मार्ग समजून घ्या.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी दोन्ही बाजूंचं रेखाचित्र काढा: शाखा कुठे निघाली, कशाच्या पुढून गेली, कुठे दोरा आहे. दोऱ्यांचे रंग चित्राच्या खाली लिहा, कारण पुढच्या बैठकीपर्यंत ओली फॅशिया पुन्हा एकमेकींना चिकटते आणि उघडलेला थर नव्यानं शोधावा लागतो. मग व्हेगस तिच्या मूळ जागी परत ठेवा, शीथची पानं मिटवा, उलटलेले स्नायू आणि त्वचा वर घ्या, आणि द्रावणात भिजवलेलं कापड गुंडाळून प्लॅस्टिकनं झाका.